हळदीचं पाकीट

तात्यासाहेब वकील वारल्याची बातमी आली त्या दिवशी मी पुरण घातलं आणि खापरावर मांडे केले. गल्लीतल्या दोघीतिघींनी विचारलं, "ठकूबाई, आज कसला सण?" मी म्हणाले, "शे एक." माझी सून अजून म्हणते, आई, हे नका लिहू, लोक काय म्हणतील. लोकांनी त्यांचं म्हणून घ्यावं. मी मराठी चौथी शिकलेली बाई आहे, मला गोलगोल लिहिता येत नाही, आणि राग गिळायची सवय मी लावून घेतली नाही. आतापर्यंतच्या प्रकरणांत मी बऱ्याच माणसांना माफ केलं, अगदी माझ्या पहिल्या नवऱ्यालाही. या प्रकरणातल्या माणसाला करणार नाही. सगळं धुळं त्याला अहो-जाहो करायचं. मी इथे त्याला 'तो' म्हणणार आहे. तेवढं माझ्या हातात आहे.

आम्ही महार. धुळ्याला कापसातली सरकी काढायची गिरणी होती, तिला जीन म्हणायचे, तिच्या मागे आमची वस्ती होती. स्वराज्य यायला अजून दहाबारा वर्षं होती. दिवाळी झाली की जीन सुरू व्हायची ती थेट उन्हाळ्यापर्यंत. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की भाकरी खायची, भोंगा झाला की घरी यायचं. घरात घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. जीन चालू असली की आमच्या भिंती बारीक थरथरायच्या, पाण्याच्या हंड्यात सारखी वर्तुळं उठायची. जीन बंद पडली की कानात कसंतरी व्हायचं, आजारी माणसाशेजारी बसल्यासारखं. कापसाची पिंजण सगळीकडे. पिठात, पाण्यात, अंथरुणात. माय कामावरून परत यायची तेव्हा तिच्या भुवया आणि पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि मला लहानपणी खरंच वाटायचं की ती रोज संध्याकाळी म्हातारी होते आणि तोंड धुतलं की परत तरुण होते. आबा गाठी वाहायचे. त्यांच्या पाठीला आणि कपड्यांना सरकीचा वास असायचा, आजही कुठे सरकीची पेंड दिसली की मला आबा आठवतात. जेवायला कळण्याची भाकरी आणि ठेचा, कधी भाजलेल्या वांग्याचं भरीत, आठवड्यातून एकदा सुकट. कळण्यात उडीद असतो म्हणून ती भाकरी पोटात बसून राहते. गरिबाला पोटात बसून राहणारंच अन्न लागतं.

मायचा उजवा अंगठा जीनच्या रुळात सापडला होता. तो मधोमध दुभंगून तसाच भरून आला, नख नाही, वर एक खोल चीर. भाकरी थापली की प्रत्येक भाकरीच्या कडेला त्या अंगठ्याचा ठसा उठायचा, दोन पाकळ्या आणि मध्ये रेघ. दुसऱ्याच्या घरात दहा भाकऱ्या ठेवल्या तरी आमच्या मायची मी ओळखून काढली असती. हे मी उगाच सांगत नाही, पुढे लागणार आहे.

माझा मोठा भाऊ देवराम. मला चौथीनंतर शाळेतून काढलं आणि जीनमध्ये सरकी निवडायला घातलं, म्हणजे त्याचं शिक्षण चालू राहावं. त्याबद्दल मी आबांशी पुष्कळ दिवस धड बोलत नव्हते. पण भाऊशी माझं वाकडं नव्हतं, कारण तो पाठ करायचा ते मलाही मिळायचं. त्याला येरझारा घालत मोठ्याने म्हणायची सवय होती, आणि मी जात्यावर असायचे. संस्कृत श्लोक, इंग्रजी कविता, सनावळ्या, सगळं जात्याच्या घरघरीबरोबर माझ्या डोक्यात जायचं. अर्थ कळायचा नाही. एकदा तो श्लोकाच्या मध्येच अडला आणि मी जात्यावरून पुढची ओळ सांगितली. तो माझ्याकडे बघतच राहिला. माय हसून हसून खाली बसली आणि म्हणाली, "ठकू, तूच जाय मंग शाळामा!" घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. इथे लिहिताना मी बहुतेक ठिकाणी सरळ मराठी केली आहे, पण मायचं बोलणं मला दुसऱ्या भाषेत ऐकूच येत नाही.

मला अमळनेरला दिली होती. दोन वर्षांत परत आले. नवऱ्याने मारलं, मीही मारलं, आणि मग दोन्हीकडच्या पंचांनी बसून काडीमोड केली. ते सगळं मागे लिहून झालं आहे. परत आले तोवर भाऊ पुण्याहून बी.ए. होऊन आला होता. आमच्या वस्तीत पहिला. त्याला वकील व्हायचं होतं. कायद्याची दोन वर्षं पुण्यात काढायची तर आबांच्या गाठी पुरणार नव्हत्या. पण मुंबईचा एक फंड होता, आमच्यातल्या मुलांना कायदा आणि एम.ए. शिकायला शिष्यवृत्ती देणारा. अर्जासोबत जिल्ह्यातल्या समितीच्या अध्यक्षाचं शिफारसपत्र लागायचं. धुळ्यात हा अध्यक्ष म्हणजे तात्यासाहेब वकील.

तात्यासाहेब म्हणजे त्या वेळी आमच्यासाठी देव. अस्पृश्यांच्या उद्धाराचं मंडळ त्याचं, दर वर्षी दिवाळीनंतर सभा त्याची, आणि त्या सभेत दर वर्षी भाऊला उभं करून श्लोक म्हणायला लावायचं. शहरातली मोठी माणसं टाळ्या वाजवायची. तात्यासाहेब भाऊच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "बघा, संधी मिळाली तर हे काय करू शकतात." मग चहा यायचा. मोठ्या माणसांना कपबशीत, भाऊला ओसरीवर वेगळ्या पितळी पेल्यात. भाऊला त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं. पण मी तेव्हा काही बोलले नाही, कारण त्याची जुनी पुस्तकं आमच्या घरी होती, त्याच्या मुलाचा कोट भाऊच्या अंगावर होता, आणि आम्ही मिंधे होतो.

शिफारसपत्र त्याने पंधरा दिवसांनी दिलं. जाड पांढरं पाकीट, मागे लाखेची मोहर. भाऊ ते दोन्ही हातांत धरून घरी घेऊन आला. आबांनी विचारलं, "काय लिखं व्हई?" भाऊ म्हणाला, "बंद आहे, आबा. उघडायचं नसतं." आता हे बघा, बी.ए. झालेला माणूस, पाकिटाला थोडी वाफ दिली असती तर मोहर न मोडता कड सुटली असती, पण त्याची छाती झाली नाही. आणि आमचीही नाही. मोठ्या माणसाचं बंद पत्र उघडणं म्हणजे त्याच्या घरात चोरून डोकावणं, असं आम्हाला वाटायचं. उलट मायने ते पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं. हळद ओली करून लावली, वर कुंकू वाहिलं, ऊद जाळला. "मना पोऱ्या वकील व्हई," असं म्हणत तिने ओल्या अंगठ्याने पाकिटाचा कोपरा दाबला. हळदीचा ठसा उमटला, दोन पाकळ्या आणि मध्ये रेघ. भाऊ ओरडला, "माय, काय केलंस! मुंबईच्या साहेबांकडे जायचं आहे!" माय म्हणाली, "साहेबले काय हयद चावस?" आम्ही ते तसंच पाठवलं. कुत्र्याच्या तोंडातल्या हाडाला हळद-कुंकू लावलं असतं तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी फंडाकडून अर्जाचे कागद परत आले, सुतळीने बांधलेला पुडका. भाऊने तो बाहेर ओट्यावर सोडला, सगळे कागद चाळले, आणि आत येऊन म्हणाला, "जागा भरल्या." बस, एवढंच. त्या दिवशी जीनही बंद होती, त्यामुळे घरात कसलाच आवाज नव्हता. आठवड्याभरात भाऊने जळगावला एका तेलाच्या पेढीवर कारकुनी धरली आणि पिंप्राळ्याला एका खोलीत राहायला गेला. ट्रंक इथेच ठेवून गेला. जाताना म्हणाला, "ठकू, माझ्या ट्रंकेला हात लावू नकोस."

मी चैत्रात लावला. कपड्यांना ऊन दाखवायचं होतं, नाहीतर कसर लागते. कोटाखाली पुडका, पुडक्यात ते पाकीट. मोहर मोडलेली, आणि कोपऱ्यावर मायचा अंगठा. मला आधी एवढंच वाटलं की अरे, हे परत आलं! मुंबईच्या कुणा कारकुनाने न बघता बाकीच्या कागदांबरोबर बांधलं असणार. मग वाटलं, परत आलं ते भाऊने लपवलं का? आतला कागद इंग्रजीत होता. वर तात्यासाहेबाचं छापलेलं नाव, खाली सही. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण ज्या कागदासाठी माणूस खोटं बोलतो तो कागद चांगला नसतो, एवढं कळायला इंग्रजी लागत नाही.

मिशनच्या दवाखान्यात रूथबाई म्हणून नर्स होती. आमच्यातलीच, तिच्या आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. मी पाकीट घेऊन तिच्याकडे गेले. तिने वाचलं आणि घडी घातली. "ठकू, हे जाऊ दे."

"वाच."

"तुला त्रास होईल."

"मला नाही होणार. ज्याने लिहिलं त्याला होईल. वाच."

तिने मराठी करून वाचलं. मी पाच वेळा वाचायला लावलं, म्हणजे ते मला पाठ झालं. आजही आहे. असं आहे ते: 'सदर विद्यार्थी वर्तनाने सौम्य व आज्ञाधारक आहे. परंतु कायद्याच्या अभ्यासास लागणारी बुद्धी त्याच्या ठायी नाही, ती पिढ्यांच्या संस्काराने येते. त्याचे पाठांतर उत्तम आहे, परंतु ते पोपटाचेही असते. फंडाचा पैसा त्याच्यावर खर्च करण्यापेक्षा त्यास सुतारकामाच्या शाळेत घालावे. शिवाय आमच्या येथील बाररूममध्ये अशा इसमाच्या प्रवेशाने अवघड प्रश्न उद्भवतील. हे मत गोपनीय समजावे.'

मी रूथबाईकडे पाणी मागितलं, प्यायले, आणि घरी येऊन दळण दळलं. पायलीभर ज्वारी एका बसणीत. माय म्हणाली, "आते इतलं पीठ कसाले?" मी पुढची मूठ घातली. मला तेव्हा रडू आलं नाही. मला त्या पाकिटावरची हळद डोळ्यांसमोरून जाईना. आम्ही ज्याला ऊद जाळला त्यात हे होतं.

चाळीसगावला गाडी बदलून मी जळगावला गेले. पिंप्राळ्याच्या त्या खोलीत भाऊ स्टोव्हवर भात शिजवत होता. मी आत शिरताच पत्र म्हणायला सुरुवात केली, त्याच्यासारखीच, येरझारा घालत. 'वर्तनाने सौम्य व आज्ञाधारक' एवढं ऐकून त्याने स्टोव्ह बंद केला.

"कोणी वाचून दाखवलं?"

"ते राहू दे. तू गप्प का बसलास?"

"कुणाला सांगू, ठकू? तक्रार करायची तर समितीकडे. समिती म्हणजे तोच."

"परत अर्ज कर."

"बी.ए. झाल्यापासून दोन वर्षांच्या आतच करता येतो. हे शेवटचं वर्ष. आणि शिफारस पुन्हा त्याचीच लागते." तो भाताकडे बघत म्हणाला, "कदाचित त्याचं खरंही असेल. मी पाठच करतो सगळं."

माझा हात उठला होता. मोठ्या भावावर हात उचलायचा नसतो म्हणून मी तो भिंतीवर मारला. त्या पत्राने शिष्यवृत्ती बुडवली त्याचा मला एक राग आला होता. पण हे वाक्य ऐकल्यावर जो आला तो वेगळाच. तो अजून आहे.

मी म्हटलं, "तू अर्ज भर. शिफारस मी आणते."

"तू? कशी?"

"पाठांतराने."

पुढच्या आठवड्यात मी तात्यासाहेबाच्या ओसरीवर जाऊन उभी राहिले. सकाळची वेळ, अशिलं बसलेली, त्याचा कारकून दत्तोपंत कोपऱ्यात लिहीत होता. त्या वर्षी तात्यासाहेब मुंबईच्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहणार होता, आणि आमच्या वस्त्यांतून त्याची माणसं फिरत होती. मला बघून तो हसला. "देवरामची बहीण ना? काय हवं?"

"तात्यासाहेब, भाऊ सभेत श्लोक म्हणायचा. मी पण एक पाठ केलंय. म्हणू?"

"म्हण की."

मी म्हटलं. तीनच वाक्यं म्हटली. पोपटापर्यंत आले तोच त्याचा चेहरा जीनमधल्या माणसासारखा पांढरा झाला. अशिलांना काही कळलं नाही, ती हसून "वा, वा" करत होती. दत्तोपंताची लेखणी मात्र थांबली. ते पत्र त्यानेच टाइप केलं होतं, हे मला पुष्कळ पुढे कळलं. तात्यासाहेब उठला, मला ओसरीच्या कडेला घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "कुठे आहे ते?"

"आमच्या देव्हाऱ्यात."

"तुला काय पाहिजे?"

मी म्हटलं, "तुम्ही विचार करा काय द्यायचं. तुम्हाला बुद्धी आहे."

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत वस्तीत आला. आबा घाबरून उभेच राहिले. दत्तोपंत म्हणाला, "साहेब नवीन पत्र द्यायला तयार आहेत. चांगलं. फक्त जुनं परत हवं."

आबा म्हणाले, "दे बाई. दिई टाक. पोऱ्यानं भलं व्हई."

मी दत्तोपंताला सांगितलं, "देते. पण पत्र इथे येऊन लिहायचं. आमच्या घरात, आमच्या पटकुरावर बसून. बंद करायचं नाही. भाऊ वाचेल, रूथबाई वाचेल, मग पाकीट आम्ही चिकटवू. आणि त्यात लिहायचं की मागच्या वर्षीचं मत चुकीचं होतं."

दत्तोपंत म्हणाला, "मुली, ते यायचे नाहीत."

"मग निवडणुकीच्या सभेत मी येते."

तो आला. संध्याकाळी, जीनचा भोंगा झाल्यावर, धोतराचा सोगा वर धरून. सगळी वस्ती दारात. त्यांना वाटलं मतं मागायला आला, म्हणून कोणी तरी जयजयकारही केला. मी त्याला पटकूर घालून दिलं. त्याच्या गुडघ्यांचा कट्कन आवाज झाला तो मला गोड लागला. भाऊ जळगावहून आला होता, पण त्याची मान वर होत नव्हती. रूथबाई पांढऱ्या साडीत ताठ बसली होती. तात्यासाहेब लिहायला लागला. पहिलं वाक्य भाऊने वाचलं. दुसरं वाचलं आणि अगदी हळू म्हणाला, "तात्यासाहेब, इथे 'पुरेशी बुद्धी' लिहिलं आहे. 'पुरेशी' काढा."

त्याने काढलं. तेव्हा पहिल्यांदा भाऊची मान वर झाली. त्यानंतर त्याने प्रत्येक वाक्य तपासलं, दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं. तात्यासाहेबाच्या इंग्रजीचं! दत्तोपंत खाली बघत होता, पण मला त्याच्या मिशा हललेल्या दिसल्या.

लिहून झाल्यावर मायने चहा आणला. गुळाचा, आमच्याच कपात. वीस वर्षं हा माणूस सहभोजनावर व्याख्यानं देत होता. आज दारात शंभर माणसं बघत होती. माय समोर बसली आणि म्हणाली, "प्या ना तात्यासाहेब. गूळ बराबर शे का?" त्याने प्यायला. सगळा. त्याचा गळा खालीवर होताना मी मोजून बघितलं असतं, पण मला मोजायचं काही नव्हतं, मला नुसतं बघायचं होतं.

मग तो म्हणाला, "आता ते."

मी देव्हाऱ्यातून पाकीट आणलं. मायच्या अंगठ्याचं, हळदीचं. मी ते खळीने चिकटवून बंद केलं होतं. त्याने ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. त्याचं बोट फटीपाशी गेलं. मी मोठ्याने म्हटलं, दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "उघडून बघा की, तात्यासाहेब. आमच्यावर विश्वास नसेल तर इथेच वाचून घ्या."

त्याने दाराकडे बघितलं. पाकीट खिशात घातलं. चारचौघांत तो कागद बाहेर काढायची त्याला भीती होती, हे एक. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण हे की आम्ही त्याला फसवू शकतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. फसवायला डोकं लागतं, आणि तेवढंही डोकं तो आम्हाला द्यायला तयार नव्हता.

तो गेल्यावर आम्ही नवीन पत्र अर्जाला जोडलं, सकाळी रजिस्टर पोस्टाने पाठवलं, आणि पावती हातात आल्यावरच मी पदरातून जुनं पत्र काढून भाऊला दाखवलं. तो पोस्टाच्या पायरीवरच बसला.

"मग पाकिटात काय होतं?"

"दुसरा कागद."

"ठकू, हे बरोबर नाही. शब्द दिला होता."

"शब्द मी दिला होता, तू नाही. बरोबर काय नि चूक काय ते तू वकील झाल्यावर बघ. मी चौथी पास आहे."

शिष्यवृत्ती आली. भाऊ वकील झाला आणि धुळ्यालाच परत आला. बाररूममध्ये पाण्याच्या माठाचा प्रश्न निघाला, अवघड प्रश्न, पत्रात लिहिला होता तसा. सगळे तात्यासाहेबाच्या तोंडाकडे बघायला लागले. तात्यासाहेब उठला आणि सगळ्यांसमोर त्याच माठातून भाऊला पेला भरून दिला. लोकांनी त्याची केवढी स्तुती केली! पुढे आमच्या आणखी सहासात मुलांना त्याने शिफारसपत्रं दिली, सगळी चांगली, सगळी उघडी. आजही धुळ्यात म्हातारी माणसं त्याच्या मोठ्या मनाच्या गोष्टी सांगतात. ते मोठं मन माझ्या ट्रंकेत होतं. दर वर्षी त्याच्या सभेला मी जायचे, बायकांत पुढच्या रांगेत बसायचे, आणि मांडीवर एक घडी घातलेला कागद ठेवायचे. करायचे काहीच नाही. तो बोलताना आमच्या रांगेकडे बघायचा आणि दोन शब्द अडखळायचा. एकदा भाषणाच्या मध्येच त्याने पाणी मागितलं. माझी नात म्हणते, आजी, हे क्रूर आहे. असेल. मी कुठे नाही म्हणते? माझ्या भावाने भाताच्या भांड्याकडे बघत 'त्याचं खरंही असेल' म्हटलं ते तिने ऐकलेलं नाही.

भाऊने आयुष्यभर वकिली केली, पण प्रत्येक केसच्या आदल्या दिवशी तो मला विचारायचा, "ठकू, मला समजलंय ना हे? की नुसतं पाठ आहे?" पन्नाशीतही विचारायचा. ते एक वाक्य त्याच्यातून मला काढता आलं नाही. म्हणून म्हटलं, माफी नाही.

तात्यासाहेब वारला त्या दिवशी मांडे झाले आणि दुपारी दत्तोपंत आला. काठी टेकत, फार म्हातारा झालेला. दत्तोपंतही तेव्हा मला अक्का म्हणायला लागला होता. तो ओट्यावर बसला आणि खिशातून पाकीट काढलं. हळद विटून तपकिरी झाली होती, पण मायचा अंगठा तसाच. माय जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मी ते हातात घेतलं आणि त्या ठशावर माझा अंगठा ठेवला. ते मायसाठी, त्याच्यासाठी नाही.

दत्तोपंत म्हणाला, "कपाटात सगळ्यात आत होतं, अक्का. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी उघडलं तेव्हा मी समोर होतो. वाचलं आणि दोन दिवस कोर्टात गेले नाहीत. फाडलं मात्र नाही. का ते मला माहीत नाही." मग म्हणाला, "आता दोन्ही जाळून टाकूया का? सगळं संपलं."

मी पाकिटातला माझा कागद काढला. पाटीवरचं अक्षर असतं तसं मोठं, ओबडधोबड अक्षर. मी लिहिलं होतं:

'तात्यासाहेब, मूळ पत्र माझ्याजवळ आहे. पाठही आहे. पोपटाचे असते तसे. ठकूबाई, मराठी चौथी पास.'

मी ट्रंक उघडली, त्याचं पत्र त्याच्या पाकिटात परत घातलं, आणि पाकीट देव्हाऱ्याच्या मागे ठेवलं. दत्तोपंताला म्हटलं, "संपलं नाही. बसा, मांडे खाऊन जा." त्याने दोन खाल्ले.